स्थूलतानिवारक शस्त्रक्रिया आणि रुग्णाची भाषा : मानसविचारातील तीन संज्ञांची चिकित्सा

जठर लहान करून किंवा अन्नमार्गाचा काही भाग वगळून अतिस्थूल माणसाचे वजन घटविण्याच्या शस्त्रक्रिया आता वैद्यकात सर्वमान्य झाल्या आहेत. त्यांना ‘बॅरिॲट्रिक’ शस्त्रक्रिया म्हणतात. भार या अर्थाचा ‘बारोस्’ आणि वैद्य या अर्थाचा ‘इआत्रोस्’ अशा दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव सिद्ध झाले आहे. या शस्त्रक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम मोजता येतो आणि तो पुष्कळ काळजीपूर्वक मोजला गेला आहे. रुग्णाच्या मनाविषयीचे वाङ्मयही विपुल आहे. परंतु त्यातील निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत, अशी तक्रार त्या विषयाचे अभ्यासकच करीत असतात. या विसंगतीचे एक कारण भाषिक आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. मनाविषयीची बहुतेक माहिती रुग्णाच्या शब्दांतूनच मिळते. ते शब्द कोणत्या प्रसंगी मागितले जातात आणि कोणत्या साच्यात बसविले जातात, याचा विचार मात्र क्वचितच होतो. याकरिता ‘पात्रता’, ‘नियंत्रण’ आणि ‘यश’ या तीन संज्ञा येथे तपासावयास घेतल्या आहेत.

१

प्रथम पूर्वपीठिका पाहू. १९५४ साली क्रेमेन, लिनर आदी मिनेसोटातील शल्यविशारदांनी लहान आतड्याचा भाग वगळण्याविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. १९६६ साली आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बराचसा भाग वगळण्याच्या शस्त्रक्रियेस, म्हणजे ‘गॅस्ट्रिक बायपास’ला, आरंभ केला. जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याची ‘स्लीव्ह’ पद्धत नंतरची असून आज तीच सर्वाधिक प्रचलित आहे.

ज्या काळात या शस्त्रक्रिया जन्मास आल्या, त्या काळी अमेरिकेत स्थूलतेची मानसशास्त्रीय उपपत्ती प्रबळ होती. हिल्डे ब्रुक यांनी १९४० नंतरच्या आपल्या लेखनात स्थूल मुलांच्या कौटुंबिक संबंधांकडे लक्ष वेधले, आणि अन्न हे प्रेमाच्या किंवा सुरक्षिततेच्या जागी येते, हा विचार रूढ झाला. स्थूल माणूस आतून दुःखी असतो व ते दुःख तो खाऊन शमवितो, असे सामान्यतः मानले जाऊ लागले. आपल्याकडील परंपरेत याच्या उलट कल्पना आढळते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ प्रकारचे ‘निंदित’ पुरुष सांगितले असून त्यांत अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विशेष विचार केला आहे. तेथे अतिस्थौल्याच्या कारणांत जड व मधुर आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे यांच्याबरोबर नित्य हर्ष आणि चिंतेचा अभाव ही कारणे दिली आहेत. म्हणजे एका परंपरेच्या मते स्थूल माणूस फार दुःखी, तर दुसरीच्या मते फार निश्चिंत. दोन्ही मते एकाच वेळी खरी असणे कठीण आहे. परंतु देह पाहून मनाविषयी अनुमान करण्याची खोड दोहोंत समान आहे.

चरकाने त्याच यादीत ‘बीजस्वभाव’ हेही एक कारण नोंदविले आहे, हे विसरून चालणार नाही. १९८६ साली आल्बर्ट स्टंकार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्या व्यक्तींच्या शरीरभाराचा संबंध जन्मदात्या आईबापांशी आढळला. ज्यांच्या घरी त्या वाढल्या, त्या दत्तक आईबापांशी आढळला नाही. सर्व स्थूल माणसांना लागू पडेल असे एकच व्यक्तिमत्त्व शोधण्याचे प्रयत्नही फलद्रूप झाले नाहीत. तथापि जुनी उपपत्ती मागे पडली, तरी तिने घडविलेली प्रश्नांची भाषा मागे पडली नाही. ती आज शस्त्रक्रियेपूर्वीच्या मुलाखतीत वावरते आहे.

२

१९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या मतैक्य परिषदेने शस्त्रक्रियेचे निकष ठरविले. शरीरभारांक ४० च्या वर, किंवा गंभीर आनुषंगिक विकार असल्यास ३५ च्या वर, ही मर्यादा तेथे निश्चित झाली. आणि रुग्णाची निवड करणाऱ्या चमूत शल्यविशारद, वैद्य व आहारतज्ज्ञ यांच्याबरोबर मानसोपचाराचा जाणकारही असावा, अशी शिफारस करण्यात आली. २०२२ साली दोन आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी ही मर्यादा खाली आणली. आनुषंगिक विकार असोत वा नसोत, ३५ हा अंक पुरेसा मानला गेला, आणि आशियाई लोकांसाठी तो २७.५ असावा असे सांगण्यात आले. अंक बदलला, पण मानसिक ‘पात्रता’ ही संज्ञा बहुतेक ठिकाणी टिकून आहे.

मराठीत ‘पात्र’ या शब्दाला दानाचा संदर्भ आहे. दान सत्पात्री व्हावे, असे आपण म्हणतो. ज्याला काही मिळावयाचे असते, त्याला आपली योग्यता सिद्ध करावी लागते. मानसतज्ज्ञासमोर बसलेला रुग्ण नेमक्या याच भूमिकेत असतो. ‘तुम्ही दुःखात असताना अधिक खाता काय?’ हा प्रश्न व्याकरणदृष्ट्या माहिती विचारणारा आहे. प्रत्यक्षात मात्र त्याच्या उत्तरावर एक निर्णय अवलंबून असतो, आणि हे रुग्ण पुरतेपणी जाणतो. शब्दांनी केवळ वर्णन होत नसून कृतीही घडते, हे जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ सालच्या ग्रंथापासून भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्या दृष्टीने पाहता अशा प्रसंगी रुग्णाचे ‘नाही’ हे विधान नसून तो अर्ज असतो. अर्जाला विधान समजून त्याचे गुण मांडले, तर जे हाती येईल ते मनाचे मापन नव्हे. प्रसंग ओळखण्याच्या रुग्णाच्या कौशल्याचे ते मापन होय.

२०१६ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात डॉज व सहकाऱ्यांनी पूर्वीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शस्त्रक्रिया इच्छिणाऱ्या अगर करून घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे १९ टक्क्यांत विषण्णता आणि १७ टक्क्यांत अनावर खाण्याचा विकार आढळतो, असा त्यांचा अंदाज होता. मात्र या विकारांचा पुढे घटणाऱ्या वजनाशी निश्चित संबंध असल्याचा स्पष्ट पुरावा त्यांना मिळाला नाही. किती वजन उतरेल हे जर मानसिक परीक्षेवरून सांगता येत नसेल, तर ती परीक्षा दाराशी कशासाठी बसविली आहे, हा प्रश्न उपस्थित होतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. शस्त्रक्रिया मोठी आहे, तिचे परिणाम आयुष्यभराचे आहेत, आणि नंतरचा आहार, जीवनसत्त्वे व तपासण्या यांचे पथ्य न पाळणाऱ्यास तीपासून अपाय होऊ शकतो. तेव्हा काही चाचणी हवीच. हे मान्य केले पाहिजे. परंतु रुग्णाला पुढे कोणते साहाय्य लागेल हे जाणण्यासाठी केलेली विचारपूस आणि त्याला आत घ्यावे की नाही हे ठरविण्यासाठी केलेली विचारपूस या दोन भिन्न क्रिया आहेत. दोन्ही एकाच बैठकीत, एकाच व्यक्तीने आणि एकाच प्रश्नावलीने उरकल्या, तर दुसरी पहिलीला गिळून टाकते.

३

दुसरी संज्ञा ‘नियंत्रण’ ही होय. स्टंकार्ड यांनी १९५९ साली अनावर खाण्याच्या प्रकाराचे वर्णन केले. पुढे २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. त्या निदानात दोन मुख्य गोष्टी आहेत. एक, बहुतेक माणसे तशाच परिस्थितीत जेवढे खातील त्याहून निश्चितपणे अधिक खाणे. आणि दुसरी, त्या वेळी खाण्यावर आपले नियंत्रण नाही अशी जाणीव असणे. याशिवाय भूक नसता खाणे, भरभर खाणे, पोट जड होईपर्यंत खाणे, लाज वाटून एकट्याने खाणे, नंतर अपराधी वाटणे ही आनुषंगिक लक्षणे सांगितली आहेत.

यातील ‘बहुतेक माणसे’ आणि ‘तशीच परिस्थिती’ हे शब्द वरवर निरुपद्रवी वाटतात. मराठी घरात मात्र त्यांचा अर्थ लावणे सोपे नाही. पंगतीत आग्रह होतो. यजमान वाढीत राहतो आणि ‘पुरे’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तर तो खरा मानला जात नाही. पानात टाकू नये, हा संस्कार आहे. अनेक घरांतील गृहिणी सर्वांच्या मागून, एकटी, उरलेसुरले संपविण्यासाठी जेवते. तिला ‘तुम्ही एकट्याने खाता काय?’ असे विचारले, तर ती होकार देईल. परंतु तिचे एकटे खाणे लज्जेतून आलेले नसून घरातील जेवणाच्या क्रमातून आलेले असते. उलट, लाजेने लपून खाणारी व्यक्ती चारचौघांत मोजकेच जेवते आणि नेमका नकार देते. विकार असलेला नाही म्हणतो आणि नसलेला हो म्हणतो, अशी अवस्था येथे उद्भवू शकते.

‘नियंत्रण सुटणे’ या शब्दप्रयोगाची अडचण याहून खोल आहे. इंग्रजी वाक्यात एक नियंता असतो आणि एक नियंत्रित वस्तू असते. त्याचे सरळ भाषांतर ‘माझा खाण्यावरचा ताबा सुटतो’ असे होईल. मराठीत ताबा सुटतो तो रागावरचा, जिभेवरचा, नाही तर गाडीवरचा. या वाक्यात काही तरी बिघडवल्याची कबुली आहे. परंतु मराठी माणूस आपल्याच अनुभवाविषयी बोलू लागला की त्याच्या तोंडी दुसरीच रचना येते : ‘मला राहवत नाही.’ आपल्या वैयाकरणांनी ज्याला शक्य क्रियापद म्हटले आहे, ते हे रूप होय. येथे अनुभव घेणारा ‘मी’ नसून ‘मला’ आहे. क्रिया त्याच्या इच्छेने घडत नाही. पण तिचा दोषही सर्वस्वी त्याच्या माथी मारलेला नाही. लेकराला पाहिल्यावाचून आईला राहवत नाही, असेही आपण म्हणतो. एकच माणूस ‘ताबा सुटतो काय?’ या प्रश्नाला नाही म्हणेल आणि ‘राहवत नाही काय?’ या प्रश्नाला हो म्हणेल, हे सर्वथा संभवनीय आहे. हे पडताळून पाहण्याजोगे गृहीतक आहे.

किंबहुना मराठीत या अनुभवाच्या पायऱ्याच लागलेल्या आहेत. ‘मी खाल्ले’, ‘मला खावेसे वाटले’, ‘मला राहवले नाही’, ‘माझ्या हातून खाल्ले गेले’ ही चार वाक्ये घेतली, तर कर्तृत्व एकेका पायरीने कसे उतरत जाते हे ध्यानात येईल. शब्दसंपत्तीही अशीच श्रीमंत आहे. भूक लागते, पण खा-खा सुटते, तोंड चाळवते, पोट भरते, परंतु मन भरत नाही. आजारात अन्नावरची वासना उडते. कितीही खाल्ले तरी शमत नाही अशा भुकेला आपण भस्म्या म्हणतो. अधाशी व हावरा हे शब्द माणसाच्या स्वभावावर शिक्का मारतात. भस्म्या हा रोग असल्याने तो माणसाला दोषमुक्त करतो. हा भेद प्रश्नावलीत नाही, पण भाषेत आहे.

भाषांतरित प्रश्नावली पुन्हा मूळ भाषेत फिरवून तिची अचूकता तपासण्याची पद्धत रूढ आहे. येथे ती उपयोगी पडणार नाही. ‘ताबा सुटतो’ हे वाक्य इंग्रजीत परत नेले तर मूळ वाक्य जसेच्या तसे हाती येईल, आणि परीक्षक समाधान पावेल. भाषांतर चुकलेले नसतेच. चुकलेला असतो तो प्रश्न, आणि ती चूक उलट भाषांतराच्या जाळ्यात सापडत नाही.

या भेदाला शरीरशास्त्राचाही आधार आहे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा जो भाग काढला जातो, त्यातच भुकेची सूचना देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः निर्माण होते. आणि बायपासनंतर तृप्तीशी संबंधित अशी आतड्यातील संप्रेरके जेवणानंतर अधिक प्रमाणात स्रवतात. अर्थात शस्त्रक्रियेने केवळ खाण्याची जागा कमी होते असे नव्हे, भूकच बदलते. ज्याला पूर्वी राहवत नव्हते त्याला आता राहवते. मग पूर्वीचे न राहवणे हा इच्छाशक्तीचा दुबळेपणा होता, हे म्हणणे कितपत टिकेल? स्थूलतेवरील नव्या औषधांच्या संदर्भात ‘फूड नॉइज’, म्हणजे अन्नाचे डोक्यात अखंड चाललेले गुणगुणणे, हा शब्द अलीकडे इंग्रजीत रूढ झाला. तो प्रथम रुग्णांच्या बोलण्यात आला आणि नंतर संशोधकांनी उचलला. रुग्णाची भाषा शास्त्राला संज्ञा पुरवू शकते, याचे हे ताजे उदाहरण आहे.

४

तिसरी संज्ञा ‘यश’. वैद्यकीय वाङ्मयात अतिरिक्त वजनापैकी निम्मे उतरले की शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे मोजण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासातून शस्त्रक्रियेने आयुर्मर्यादा वाढते हे २००७ साली दिसून आले. त्याच अभ्यासातील जीवनमानाविषयीचे निष्कर्षही लक्षणीय आहेत. पहिल्या वर्षी रुग्णांच्या समाधानात सर्वाधिक वाढ झाली. पुढे वजन अंशतः परतू लागले तसे ते उतरले. आणि सहाव्या वर्षानंतर स्थिर झाले. दहा वर्षांनी विषण्णतेच्या बाबतीत शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती इतरांपेक्षा बरी होती. चिंतेच्या बाबतीत मात्र तसा फरक उरला नव्हता. यश हा एक बिंदू नसून तो चढउतारांचा मार्ग आहे.

याच विषयाची काळी बाजूही समोर ठेवली पाहिजे. २००७ साली ॲडम्स व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील यूटा येथील बायपास झालेल्या ७,९२५ व्यक्तींची तेवढ्याच स्थूल व्यक्तींशी तुलना केली. एकूण मृत्यूंचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होते. परंतु अपघात व आत्महत्या यांसारख्या, रोगाने न झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ५८ टक्क्यांनी अधिक होते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील ८,८१५ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग पूर्वीच्या तीन वर्षांच्या तुलनेत सुमारे दीडपट झाल्याचे आढळले. असे रुग्ण एकूण संख्येच्या मानाने थोडे होते. परंतु त्यांतील बहुसंख्य प्रसंग पूर्वी मानसिक विकाराचे निदान झालेल्या व्यक्तींचे होते, आणि ते विशेषतः दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी घडले. येथे दुसऱ्या विभागातील प्रश्नाचे उत्तर मिळते. रुग्णाच्या मानसिक इतिहासावरून त्याचे वजन किती उतरेल हे सांगता येत नसले, तरी कोणाकडे पुढे लक्ष ठेवले पाहिजे हे सांगता येते. ज्या माहितीसाठी रुग्णास दाराबाहेर ठेवले जाण्याची भीती वाटते आणि म्हणून जी तो लपवितो, नेमकी तीच माहिती त्याला तिसऱ्या वर्षी वाचवू शकली असती.

मद्यपानाचे उदाहरणही असेच बोधप्रद आहे. २०१२ साली किंग व सहकाऱ्यांनी दाखविले की शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षी ७.६ टक्के रुग्णांत मद्यविकार होता, पहिल्या वर्षी तो ७.३ टक्के राहिला आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेला. आणि बायपासचा या विकाराशी विशेष संबंध आढळला. याचे स्पष्टीकरण म्हणून ‘व्यसनांतर’ हा शब्द पुढे आला. अन्नाचे व्यसन सुटले आणि त्याची जागा मद्याने घेतली, असा त्याचा आशय. हे रूपक आहे; उपपत्ती नव्हे. खाणे हे व्यसन होते, असे त्यात गृहीत धरले आहे आणि ते सिद्ध केलेले नाही. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर भिनते व त्याची पातळी अधिक वर जाते, ही शरीरातील गोष्ट त्यामुळे झाकली जाते. रूपक सोयीचे असते, कारण ते दोष रुग्णाच्या स्वभावाकडे परत पाठविते. चरकाच्या ‘निंदित’ या शब्दाची छाया येथे नव्या पोशाखात पडलेली दिसते.

यशाचा घरातील अर्थही पाहावयास हवा. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण चार घासांत थांबतो आणि म्हणतो, ‘मला जेवण जात नाही.’ वैद्याच्या कानी हे वाक्य यशाची खूण म्हणून पडते. परंतु मराठीत जेवण जात नाही ते आजाऱ्याला, शोकग्रस्ताला किंवा रुसलेल्याला. घरची माणसे ते वाक्य त्याच अर्थाने ऐकतात आणि आग्रह वाढवितात. बायपासनंतर गोड खाल्ल्यास मळमळ, घाम, धडधड असा त्रास होऊ शकतो. त्यामुळे प्रसादाचा पेढाही नाकारावा लागतो. ‘नको’ म्हणण्याचे जे शब्द आपल्याकडे आहेत, ते एक तर आजाराचे आहेत, नाही तर व्रताचे. निरोगी माणसाने थोडेच जेवावे आणि कोणी वाईट वाटून घेऊ नये, यासाठी सहज वापरता येईल असा शब्दप्रयोग रूढ नाही. रुग्णाच्या मनावर पडणाऱ्या ताणाचा हा भाग कोणत्याही प्रश्नावलीत येत नाही.

१९९१ साली रँड व मॅकग्रेगर यांनी शस्त्रक्रियेने वजन उतरलेल्या ४७ व्यक्तींना विचारले असता, पुन्हा अतिस्थूल होण्यापेक्षा बहिरेपण किंवा पाय गमावणे पत्करू, असे सर्वांनी अगर जवळजवळ सर्वांनी सांगितले. ही उत्तरे शस्त्रक्रियेच्या यशाची साक्ष म्हणून उद्धृत केली जातात. त्यांचा दुसरा अर्थ अधिक गंभीर आहे. बहिऱ्या माणसाला कोणी त्याच्या बहिरेपणाबद्दल दोषी धरीत नाही. निंदेपेक्षा अपंगत्व सुसह्य, एवढेच ही माणसे सांगत होती. समाजाविषयीची ही साक्ष शस्त्रक्रियेच्या खात्यावर जमा करणे न्यायाचे नाही.

५

वरील विवेचनातून तीन सूचना निष्पन्न होतात. पहिली, निवडीचा निर्णय आणि मानसिक विचारपूस यांची फारकत करावी. जो ऐकतो त्याच्या हाती दार नसावे. दुसरी, विचारपुशीचा भर शस्त्रक्रियेपूर्वीच्या एका बैठकीवर न ठेवता तो नंतरच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्षावर ठेवावा, कारण उपलब्ध पुरावा धोक्याचा काळ तोच असल्याचे सांगतो. तिसरी सूचना आपल्यासारख्या भाषाविभागांना उद्देशून आहे. मराठी रुग्णांसाठी प्रश्नावली करावयाची, तर आरंभ परकीय वाक्यांच्या भाषांतराने न करता मराठी माणूस भुकेविषयी, खाण्याविषयी व न राहवण्याविषयी कसा बोलतो याच्या संग्रहाने करावा. कोकण, देश, विदर्भ व मराठवाडा येथील बोलींतील असे प्रयोग गोळा करून, त्यांतील कर्तृत्वाच्या पायऱ्या तपासणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे.

२०२५ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्थूलतेची नवी व्याख्या सुचविली आणि केवळ शरीरभारांकावरून रोगाचे निदान करू नये असे प्रतिपादिले. देहाच्या बाबतीत एका अंकाचे राज्य संपत आले असताना मनाच्या बाबतीत प्रश्नावलीच्या गुणांवर विसंबणे विसंगत ठरेल. शल्यविशारदाला जठराची रचना नीट माहीत असावी लागते. रुग्णाच्या मनाचा विचार करणाऱ्याला रुग्णाच्या वाक्याची रचनाही तितकीच नीट माहीत असली पाहिजे. ‘मला राहवत नाही’ असे सांगणाऱ्याच्या नोंदवहीत ‘ताबा नाही’ असे लिहिले गेले, तर ते भाषांतर होत नाही. त्या माणसाविरुद्ध नोंदविलेला तो एक आरोप होतो.